प्रेमचंदभाऊंचं ताट

प्रेमचंदभाऊ ओट्याशी आले आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरून उभे राहिले, तेव्हाच रुक्मिणीबाईंना काय ते कळायला हवं होतं. हा माणूस टोपी काढतो ती प्रकाशा गावी केदारेश्वरापुढे. त्याखेरीज एकदाच काढली होती, रुक्मिणीबाईंचा नवरा नरोत्तम गेला त्या दिवशी, घाटावर. एरवी त्यांचं टक्कल ब्राह्मणपुरी गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. पण आखाजी तोंडावर आलेली, खाटेवर कुरडया वाळत पडलेल्या, कावळ्यांवर डोळा ठेवायचा होता, आणि रुक्मिणीबाईंचं टोपीकडे लक्षच गेलं नाही. त्यांना वाटलं, नदीकाठची दोन डांगरं, खरबुजं, घेऊन आलेत, दरवर्षीसारखे, ठेवतील आणि जातील.

डांगरं त्यांनी ठेवली. गेले मात्र नाहीत.

“रुक्मिणीबाई,” ते म्हणाले.

इतकी वर्षं वहिनी म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकून त्यांच्या हातातली कुरडई मोडली.

“यंदा आखाजीले मी नरोत्तमना नाववर पाटवर बसनार नही,” प्रेमचंदभाऊ मोडलेल्या कुरडईकडे बघत म्हणाले. “मन्हा सोताना नाववर बसू का? म्हनजे एक दिन नही. कायमनं. तुम्ही मन्हा घर चाला, नही ते मी आठे येस. जितलं ऱ्हायनं तितलं संगे काढूत.”

पुढचंही ते पाठ करून आल्यासारखे बोलले. सुरतेच्या माझ्या मुलाला विचारलंय, त्याची हरकत नाही. शहाद्याला जाऊन लग्नाची रीतसर नोंदणी करू, चोरून काही नाही. मग बोलायचं संपलं आणि ते घाम पुसत उभे राहिले.  रुक्मिणीबाईंनी विचारलं, चहा ठेवू का. प्रेमचंदभाऊ म्हणाले, नको, ऊन फार शे. आणि वळून चालू लागले. टोपी ओट्यावरच राहिली. भर दुपारी उघड्या टकलानं ते अख्ख्या गल्लीतून गेले, आणि ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांना वाटलं, कोणीतरी वारलं.

आता ही आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गोष्ट बाहेरच्याला सांगावी लागते. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचं, आणि त्याच्या जागी बाहेरच्या एका माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालायचं. त्याला टिळा लावायचा, गेलेल्याच्या आवडीचं वाढायचं. पितर बोलत नाही, मागत नाही, नको म्हणत नाही. वाढलेलं खातो आणि उठतो. नरोत्तम गेला त्या पहिल्या आखाजीला कोणाला बसवायचं हा प्रश्न पडलाच नव्हता. दोघांच्या शेताचा बांध एक, दोघांनी केळी पहिल्यांदा लावली ती एका वर्षी, भांडणंही एकमेकांशीच केलेली. तेव्हापासून दर आखाजीला प्रेमचंदभाऊ त्या पाटावर बसत आले आणि रुक्मिणीबाई खापरावरच्या मांड्यावर तूप सोडून, वर वाटीभर दूध ओतून त्यांच्यापुढे ताट ठेवत आल्या. नरोत्तमला मांडे दुधातच लागत. रशीला, त्या तिखट आमटीला, तो हातसुद्धा लावत नसे.

ओट्यावरचं सगळं बोलणं सून रोशनीनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं होतं. तिच्या पोटात ते फार वेळ राहणार नव्हतंच. मुलगा हेमकांत शेतातून आला, हातपाय धुतले, आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत त्याला सगळं कळलं. आखाजीसाठी सारंगखेड्याहून माहेरी आलेली भूमिका अंगणात निंबाला झोका बांधून घेत होती; तीही दोर तसाच सोडून आत आली. मग कूलरपुढे या घराची सभा भरली. ज्या बाईबद्दल सभा होती तिला कोणी बसायलासुद्धा सांगितलं नाही.

हेमकांतचा स्वभाव बापाचा, नानांचा. ऐकायच्या आधी मत तयार.

“नानाना ताटमा जेवनारा मानूस,” तो म्हणाला, “त्याले बोलाले जीभ कशी उचलनी? मी जास आनी सांगस, आजपाइन मन्हा उंबरा चढू नको.”

भूमिकाही लगेच भावाकडून झाली. सासरी हे कळलं तर ती कोणाला तोंड दाखवणार, सासू आधीच बोलायला निमित्त शोधते, वगैरे. एकटी रोशनी दुसऱ्या बाजूला. तिचं म्हणणं, काकांनी चोरून काही केलं नाही, टोपी काढून तोंडावर विचारलं. वाईट काय केलं? त्यावर हेमकांत बायकोला नको ते बोलला. माय त्यांच्या घरी गेली की पुढची खोली मोकळी होईल, म्हणून तुला पुळका, असं. रोशनीचे डोळे भरले. ती उठून आत गेली आणि भांड्यांचा आवाज वाढला.

आणि इथे एक नवल घडलं. मागल्या आखाजीला कुरडयांच्या वाटणीवरून या नणंद-भावजयींचं जे बोलणं तुटलं होतं, ते दिवाळीलाही नीट जुळलं नव्हतं. पण भूमिका उठली, रोशनीच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली, आणि दुपारच्या चहापर्यंत दोघींचं एक झालं. रोशनीनं तिला सांगितलं की माय सकाळी गच्चीवर एकटी बसून बोलते, कोणाशी ते माहीत नाही. भूमिकाला रडू आलं. मग दोघींनी मिळून ठरवूनच टाकलं. शहाद्याला कधी जायचं, कोणाला सांगायचं, कोणाला नाही, मायच्या अंगावर कुठलं लुगडं बरं दिसेल. कपाट उघडून भूमिकानं मोरपंखी रंगाचं एक बाहेरसुद्धा काढलं.

रुक्मिणीबाई हे सगळं दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मनात त्या म्हणाल्या, काय माणसं आहेत माझी. एकानं माझ्या वतीनं नाही म्हणून टाकलं, दोघींनी माझ्या वतीनं हो म्हणून टाकलं, आणि लुगडंही निवडून झालं.

“मले कोनी इचारं का?” त्या म्हणाल्या.

कपाटाचं दार तसंच उघडं राहिलं.

“मी नही म्हननार शे,” त्या म्हणाल्या.

हेमकांतचा चेहरा उजळला. तो चपला घालायलाच निघाला. म्हणाला, तेच तर, मी आत्ता सांगून येतो.

“बस खाले. तू मन्हा बाजूनी बोलस, पन मन्हासाठी नही बोलत. तू सांगशी ते ती शिवी हुई. नकार मन्हा शे, मीच देसू.”

“मंग हां काब नही, माय?” भूमिकानं विचारलं. लुगडं तिनं अजून छातीशी धरलेलं होतं.

काय सांगणार? लोक काय म्हणतील याची भीती नव्हती. लोकांचं सगळं म्हणून झालं होतं. नरोत्तमच्या पायाशी जन्म वाहिलाय असंही नव्हतं. तो असताना त्याच्याशी त्यांचं दिवसातून दोनदा तरी वाजायचं. खरं कारण इतकं साधं होतं की मुलीला सांगायची लाज वाटत होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या दुसऱ्याच्या घड्याळानं उठल्या. आता सकाळी त्या स्वतःच्या वेळेला उठायच्या, काळा चहा करायच्या, गच्चीवर बसून तापीकडून येणारा वारा घ्यायच्या आणि मनाला येईल ते स्वतःशी मोठ्यानं बोलायच्या. त्यात त्यांना भारी सुख होतं. आणि दुसरं, प्रेमचंदभाऊ चांगले होते, फार चांगले होते, पण त्यांना बघून रुक्मिणीबाईंच्या मनात तसं काही कधी हललं नव्हतं. ज्याला हो म्हणायचं त्याच्याविषयी काहीतरी हलायला नको का? वय झालं म्हणून ती अट सुटते की काय?

“मन नही शे मन्हं,” एवढंच त्या म्हणाल्या.

भीती होती ती निराळीच. या गावात नरोत्तमला हाक मारून शिव्या देणारा, त्याच्या खोड्या माहीत असलेला, तो कसा हसायचा हे करून दाखवणारा एवढा एकच माणूस उरला होता. नकाराचा एक शब्द वाकडा पडला की तो हे दार कायमचं सोडेल. फार मानी माणूस. पुन्हा बांधावरूनही हाक मारणार नाही. त्याला दुखवायचं नव्हतं, आणि खोटी आशाही ठेवायची नव्हती. हे दोन्ही एका तोंडानं कसं जमवायचं, याचा त्यांना घोर लागला.

पितराला जेवायचं सांगायला दरवर्षी हेमकांत जायचा. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी टोपी पदराखाली घेऊन रुक्मिणीबाई स्वतः निघाल्या. हेमकांत म्हणाला, गाडीवर सोडतो. त्या म्हणाल्या, माझे पाय आहेत.

केळीच्या बागेतून बांधाबांधानं त्या गेल्या. प्रेमचंदभाऊ मोटरच्या खोलीपुढे बसून ठिबकची नळी साफ करत होते. डोक्याला पंचा गुंडाळलेला. त्यांना येताना पाहून ते उठले, बसले, पुन्हा उठले. रुक्मिणीबाईंनी टोपी पुढे केली. त्यांनी ती घेतली, पण घातली नाही.

“भाऊ, तुम्ही इचारं ते मले बरं वाटनं,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. वाटेत जुळवलेलं सगळं विसरून गेल्या होत्या, म्हणून जे खरं ते बोलल्या. “खोटं नही सांगत. या वयमा कोनी टोपी काढीसन काही मागस, हाई काही लहान गोट नही. मी रातभर हासनू बी आनी रडनू बी. पन मी येनार नही. यंदा नही, पुढला सालले बी नही. वाट देखू नका.”

प्रेमचंदभाऊंनी नळी खाली ठेवली.

“हेमकांत नही म्हनना?”

“हेमकांत नही म्हनस, रोशनी हां म्हनस. त्यासना घोळ ऱ्हावू द्या. हाई मन्हं शे. तुमनामा काही खोट नही, भाऊ. मन्हं मन तसं नही, इतलंच.”

 प्रेमचंदभाऊ टोपीची घडी घालत, मोडत राहिले. मग म्हणाले, राग नाही. फक्त एक विचारतो. मला असं का वाटलं, ते मलाच कळत नाही. तुमच्याकडून तर कधी काही नव्हतं.

आणि मग त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. बायको गेल्यापासून ते हातानं खिचडी करून खात होते, सकाळी केलेली संध्याकाळी. सुरतेला मुलाकडे गेलं तर सून ताट वाढून ठेवायची आणि टीव्ही बघायची. “सालमा एकच दिन,” ते म्हणाले, “कोनी मन्हाकडे देखीसन वाढे. डोयामा पानी लईसन वाढे. मले वाटनं, ते मन्हासाठी शे.”

रुक्मिणीबाई बांधावर बसल्या. ही गोष्ट त्यांच्या ध्यानात कधी आलीच नव्हती. पाटावर तो बसला की त्यांना नरोत्तमचे खांदे दिसत, नरोत्तमचा खाली वाकलेला मानेचा कणा दिसे, आणि त्या त्यालाच वाढत. ज्याच्या तोंडात घास जात होता तो माणूस घरी जाऊन वर्षभर तो घास आठवतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नव्हतं. रीत होती, सगळे पाळत होते.

“ते त्यानासाठी व्हतं,” त्या म्हणाल्या. याहून मऊ शब्द त्यांना सापडला नाही, आणि खोटा त्यांना नको होता. “त्या पाटवर मले तोच दिसे. तुमले मी कधी देखंच नही. जित्ता मानूसले मी मेलाना पाटवर बसाडं, भाऊ. चूक मन्ही शे.”

प्रेमचंदभाऊंनी मोठा श्वास सोडला, खांदे खाली आले, आणि ते चक्क हसले. म्हणाले, त्या दिवसापासून झोप नाही. वाटत होतं, तुम्ही काही बोलणारच नाही, हेमकांत येऊन बोलेल आणि उंबरा तुटेल.

“आनी तुम्ही हां म्हनत्यात,” ते टोपी झटकत म्हणाले, “ते बी मले धाकच व्हता. सोयरासले काय सांगाव, घरमा कोठे काय ठेवाव, मन्हा घोरनानं काय करतू, काहीच इचार करेल नव्हता.”

रुक्मिणीबाईही हसल्या. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलेपर्यंत हसल्या. कितीतरी दिवसांत असं हसणं झालं नव्हतं. छातीवर ठेवलेलं काहीतरी कोणी उचलून नेल्यासारखं त्यांना वाटलं. प्रेमचंदभाऊंनी पंचा सोडला आणि टोपी डोक्यावर नीट बसवली.

“उद्या जेवाले या,” त्या उठत म्हणाल्या. “पितर म्हनून नही. सोयरा म्हनून बी नही, ते झायं. प्रेमचंद म्हनून या. मन्हा घरना पाव्हना.”

“मंग पाटवर कोन?”

“देखसू,” त्या म्हणाल्या आणि बांधाबांधानं परत आल्या.

घरी सगळे दारातच होते. रुक्मिणीबाईंनी सांगितलं, झालं बोलणं, उद्या जेवायला येणार आहेत, आणि हेमकांत, त्यांच्या हातावर पाणी तू घालायचं. हेमकांत काहीतरी पुटपुटला. पण नकार पोहोचला म्हटल्यावर त्याच्या रागात जोर उरला नव्हता. मनातून त्यालाही हलकं वाटत होतं. लहानपणी प्रेमाकाकांच्याच खांद्यावर बसून त्यानं सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पाहिले होते. संध्याकाळी तो खाली मान घालून रोशनीला म्हणाला की पुढच्या खोलीचं ते आपण उगाच बोललो. रोशनीनं त्याला उत्तर दिलं नाही, पण चहात आलं घातलं. भूमिकानं मोरपंखी लुगडं घडी करून परत कपाटात ठेवलं, आणि ठेवताना म्हणाली, माय, तू हे उद्या नेस ना, असंच.

आखाजीला रुक्मिणीबाईंनी ते नेसलं. घागर भरली, वर डांगर ठेवलं, आंबे ठेवले. पितरांच्या नावानं चुलीत घास टाकला. नरोत्तमच्या नावाचा पाट मांडला, ताट वाढलं, दुधाची वाटी ठेवली. आणि त्या पाटावर कोणालाच बसवलं नाही. हेमकांत म्हणाला, बिनपितराची आखाजी कोणी केलेली ऐकली नाही. त्यावर प्रेमचंदभाऊच म्हणाले, राहू दे रे, त्याला यायचं असेल तर येईल, त्याला माझी काय गरज. ते पलीकडच्या भिंतीशी, घरच्या माणसांच्या ओळीत बसले होते. हेमकांतनं त्यांच्या हातावर पाणी घातलं. घालताना तो खाली बघत होता, आणि प्रेमचंदभाऊंनी ओल्या हातानंच त्याच्या पाठीवर थोपटलं.

रुक्मिणीबाईंनी रिकाम्या पाटाकडे पाहिलं. नरोत्तम तिथे नव्हता. त्यांना वाटलं होतं की रडू येईल. तसं काही झालं नाही. तो नव्हता, हे त्यांना कधीपासून माहीत होतं. आता ते माहीत असायला हरकत नाही, एवढंच झालं. त्या मांड्यांची परात घेऊन ओळीनं वाढत आल्या. भूमिका, हेमकांत, मग प्रेमचंदभाऊ. मांडा वाढला, तूप सोडलं, आणि हाताच्या सवयीनं दुधाचं भांडं उचललं.

प्रेमचंदभाऊंनी ताटावर आडवा हात धरला.

“दूध नको, वहिनी.”

“काब?”

“मले दूधमा मांडा आवडतच नही. कधीच आवडना नही. लहानपनपाइन नही.”

दुधाचं भांडं रुक्मिणीबाईंच्या हातात तसंच राहिलं. “मंग इतला साल?”

“इतला साल तो जेवे ना,” प्रेमचंदभाऊ म्हणाले. “मी कोठे जेवे?”

 रोशनीनं पदर डोळ्याला लावला. रुक्मिणीबाई वळल्या, दुधाचं भांडं नरोत्तमच्या पाटापुढे ठेवून आल्या, आणि चुलीवरून रशीचं पातेलं उचलून आणलं. वरती तिखटाचा लाल तवंग होता. तिखट झालीय, जपून, असं त्यांनी सांगितलं. प्रेमचंदभाऊ म्हणाले, होऊ द्या. त्यांनी मांड्याचा तुकडा रशीत बुडवला, तोंडात घातला, नाकातून पाणी आलं, टोपी काढून बाजूला ठेवली आणि भराभर जेवू लागले. रुक्मिणीबाई तिथेच उभ्या राहून बघत होत्या. हा माणूस डाव्या हातावर रेलून जेवतो, मोठमोठे घास घेतो आणि घास घेताना डोळे मिटतो, हे त्या पहिल्यांदा बघत होत्या.

रशीची वाटी रिकामी झाली. पितर मागत नाही. प्रेमचंदभाऊंनी वाटी पुढे केली आणि म्हणाले, “वहिनी, अजून वाढा.”

रुक्मिणीबाईंनी वाटी काठोकाठ भरली.